पाच गाड्या, तीन शाखा

"सोड, रेहाना! क्लच सोड!"

परीक्षा चालू असताना बाहेरून ओरडायचं नसतं, हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला बजावायची. त्या दिवशी मात्र कराडच्या आरटीओ मैदानाच्या कडेला उभी राहून मीच गळा फाडून ओरडत होते. मातीच्या चढावर माझी पांढरी मारुती मधोमध अडकली होती. स्टिअरिंगवर रेहाना मुजावर, शेजारी इन्स्पेक्टर. इंजिन नुसतं बोंबलत होतं आणि गाडी पुढं जायची सोडून इंचाइंचानं मागं घसरत होती. चढाच्या पायथ्याशी येऊन ती थांबली, तोवर जळका वास माझ्यापर्यंत पोचला होता.

इन्स्पेक्टर नाकाला रुमाल लावून उतरले. "कणसे मॅडम, चढावर गाडी धरायला शिकवली नाही का हिला?" त्यांनी कागदावर रेघ ओढली आणि पुढच्या उमेदवाराचं नाव पुकारलं.

रेहाना खाली उतरली. "मॅडम, मी पाय पूर्ण काढला होता. अम्मीची शपथ."

मी गाडीत बसले आणि चढ घेऊन पाहिला. माझ्याही पायाखाली गाडी तशीच मागं आली.

रेहानाला शनिवार पेठेतल्या एका डॉक्टरांनी शब्द दिला होता. त्यांच्या म्हाताऱ्या आईला दवाखान्यात, देवळात न्यायला बाईच ड्रायव्हर हवी होती. अट एकच, एक तारखेच्या आत लायसन. पुढच्या परीक्षेला रेहाना पास झाली, पण तोवर एक तारीख उलटून गेली होती आणि डॉक्टरांनी दुसरी व्यवस्था केली होती.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. तेव्हा मी चाळिशीला आले होते आणि माझं 'विजयपथ ड्रायव्हिंग स्कूल' नुकतं कुठं नावारूपाला येत होतं. त्या परीक्षेच्या बरोबर तीन आठवडे आधी अप्पा देसावळ्यांच्या गॅरेजात मी त्या मारुतीला नवा क्लच घालून घेतला होता. नुसती प्लेट नाही, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगसकट सगळा संच. बिल हातात होतं आणि त्यावर अप्पांच्या वळणदार अक्षरात 'नवीन' हा शब्द तीनदा लिहिलेला होता.

मैदानावरून मी तशीच अप्पांकडं गेले. अप्पा म्हणजे गोड माणूस. बाईमाणूस गॅरेजात आलं की आधी खुर्ची पुसायचे आणि मग बोलायचे.

"बसा मॅडम. काय झालं?"

"क्लच घसरतोय. नवा म्हणून घातलेला."

अप्पांनी गाडी सुरू केली, दोनदा पाय दाबून बघितला आणि मान हलवली. "जळालाय."

"तीन आठवड्यांत?"

"मॅडम, राग मानू नका. तुमच्या गाडीवर बायका शिकतात. बायका क्लचवर पाय ठेवूनच बसतात. लोखंड झालं तरी किती सोसणार?"

गॅरेजात बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. आधी माझ्या डोक्यात होतं की पुन्हा काम करून मागावं, जमलं तर थोडं कमी करून घ्यावं आणि विषय संपवावा. त्या हसण्यानं ते सगळं बदललं.

"अप्पा, माझे पैसे परत द्या."

"काम केलंय, मॅडम. केलेल्या कामाचे पैसे परत देतात होय कुणी?"

गाडी मी दुसऱ्या एका मिस्त्रीकडं ओढून नेली. त्यानं गिअरबॉक्स उतरवला, प्लेट बाहेर काढली आणि नुसता हसला. प्लेट झिजून पार रिबिटांपर्यंत आली होती. प्रेशर प्लेटवर वरून चंदेरी रंग मारला होता आणि नखानं खरवडलं की खालून गंज निघत होता.

"धुऊन, रंगवून परत बसवलंय," तो म्हणाला. "केबल आवळून दिली असणार, म्हणून सपाटीवर तीन आठवडे चालली."

"हे लिहून द्याल?"

त्यानं हात पुसले. "मॅडम, मला पण याच गावात धंदा करायचाय."

माझ्याकडं तेव्हा दाभोळे काका शिकायला येत होते. वय एकसष्ट. उभी हयात कोर्टात कारकुनी केलेली. गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढं न्यायला ते तयारच नसत, पण कागदाच्या बाबतीत त्यांच्यासारखा धीट माणूस मी पाहिलेला नाही. त्यांना हकिकत सांगितली तशी त्यांनी भर रस्त्यात गाडी थांबवली.

"पहिलं म्हणजे ते जुने पार्ट कुणाच्या हातात देऊ नका. दुसरं, रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवा. पोचपावती जपून ठेवा. नाही दिले पैसे, तर साताऱ्याला ग्राहक मंचात तक्रार करायची. तिथं वकील लागत नाही. तुमचं तुम्ही बोलायचं."

"मी? कोर्टात?"

"तुम्ही घाटात ट्रकवाल्यांशी बोलता तसंच."

आयटीआयत मोटार मेकॅनिक शिकवणारे घाडगे सर होते. दाभोळे काकांच्या ओळखीनं त्यांना ते पार्ट दाखवले. त्यांनी भिंग लावून पाहिलं, फूटपट्टीनं जाडी मोजली आणि सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं की एवढी झीज तीन आठवड्यांची नाही, काही वर्षांची आहे. रेहानानं चढावर काय झालं त्याचं प्रतिज्ञापत्र करून दिलं. अप्पांनी नोटिशीला उत्तर दिलं नाही. मी तक्रार दाखल केली आणि सरळ वाटेनं चाललेली माणसं जशी निर्धास्त असतात तशी निर्धास्त झाले. बाजू माझी खरी होती. बिल माझ्याकडं होतं, पार्ट माझ्याकडं होते. समोरच्यानं छापील कागदावर खोटं लिहिलं होतं आणि ते मी दाखवून देणार होते. तारखांना साताऱ्याला जाताना मी इस्त्रीची साडी नेसायची आणि एसटीत फाइल मांडीवर घेऊन बसायची.

पाचव्या तारखेला अप्पांच्या वकिलांनी, शेंडगे त्यांचं नाव, लेखी म्हणणं दिलं. त्याची प्रत हातात घेऊन दाभोळे काका मंचाच्या व्हरांड्यात उभे होते. ते दोनदा वाचून त्यांनी चष्मा काढला.

"क्लचबद्दल यात फारसं काही नाहीच," ते म्हणाले. "ते म्हणतायत, तुम्ही ग्राहकच नाही."

"म्हणजे?"

"नफ्याच्या धंद्यासाठी गाडी वापरणारा कायद्यानं ग्राहक ठरत नाही. मोठा धंदेवाला असेल तर त्यानं दिवाणी कोर्टात जावं. आता स्वतः राबून, त्याच्यावरच पोट भरणारा असेल तर तो ग्राहक. तुम्ही त्यातच बसता. पण त्यांनी सोबत हे जोडलंय."

ते माझंच पत्रक होतं. पिवळ्या कागदावर लाल शाई. 'विजयपथ ड्रायव्हिंग स्कूल. पाच गाड्या. तीन शाखा: कराड, मलकापूर, उंब्रज. महिलांसाठी खास महिला प्रशिक्षकांचा ताफा.'

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. गाडी एकच होती, तीच पांढरी मारुती. ताफाही मीच होते. पण बसस्टँडजवळच्या मोठ्या स्कूलचा फलक माझ्या फलकाच्या चौपट होता आणि एका गाडीच्या बाईकडं कोण येणार, असं मला वाटायचं. पत्रक मी स्वतः, स्वयंपाकघरात बसून, एका संध्याकाळी लिहिलं होतं. आधी तीन गाड्या लिहिल्या होत्या. मग खोडून पाच केल्या.

"काका, आता?"

दाभोळे काकांनी इकडंतिकडं पाहिलं. सबंध आयुष्य शपथेवरची खोटी वाक्यं टाइप केलेला माणूस तो. "छपाईची चूक म्हणा," ते हळूच म्हणाले. "प्रेसवाल्यानं दुसऱ्याचा मजकूर मिसळला म्हणा. बरेच जण म्हणतात."

मला ते पटलं. पुढच्या तारखेपर्यंत महिनाभर मी ते वाक्य मनात घोळवलं. भाकरी थापताना, गिअर शिकवताना. शेवटी शेवटी तर मला त्या प्रेसवाल्याचा खरोखरच राग यायला लागला.

सहाव्या तारखेला मंचाची खोली गच्च भरली होती. अध्यक्षा म्हणजे बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. दोन्ही बाजूंना एकेक सदस्य. अप्पा मागच्या बाकावर पांढरा शर्ट घालून बसले होते. रेहाना माझ्यासाठी म्हणून आली होती. माझ्याकडं शिकणाऱ्या आणखी दोघी 'आमच्या मॅडमची केस' बघायला हौसेनं आल्या होत्या. कोपऱ्यात एका स्थानिक पेपरचा वार्ताहर वही उघडून बसला होता.

शेंडगे वकील उभे राहिले. "महोदया, तक्रारदारांच्या मालकीच्या पाच गाड्या आहेत. तीन गावांत शाखा आहेत. हा उघड उघड व्यापारी उद्योग आहे. यांना ग्राहक म्हणणं म्हणजे या मंचाची थट्टा आहे."

पत्रक अध्यक्षांच्या हातात गेलं. त्यांनी ते मागूनपुढून पाहिलं.

"ताई, हे पत्रक तुमचं का?"

"हो, मॅडम. पण त्यात छपाईची चूक झालीय. प्रेसवाल्यानं—"

"खाली प्रेसचं नाव आहे," अध्यक्षा म्हणाल्या. "कराडमधलीच आहे. त्यांना साक्षीला बोलावू या का?"

प्रेसचा मालक मला ओळखत होता. मजकूर देताना त्यानं विचारलंही होतं, "वहिनी, पाच गाड्या कधी घेतल्या?" आणि मी हसून म्हटलं होतं, "घेणार आहे." तो या खोलीत येऊन उभा राहणार, हात जोडून तेच सांगणार, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. मागं माझ्या शिष्या बसल्या होत्या. दोन वाटा होत्या. पत्रक खरं म्हणायचं, गावात मान राखायचा आणि केस घालवायची. नाहीतर...

"नको, मॅडम. पत्रक मीच लिहिलंय. आणि ते खोटं आहे."

खोलीत चुळबूळ झाली. शेंडगे वकील अर्धे उठून परत बसले.

"गाड्या किती?"

"एक."

"तीन शाखा लिहिल्यायत. उंब्रजची शाखा?"

"ती माझ्या नणंदेची पिठाची गिरणी आहे. तिथं फोन आहे."

"मलकापूरची?"

"ते माझं घर."

"आणि कराडची?"

"तिथं मी गाडी लावते, मॅडम. चिंचेखाली."

सगळी खोली हसली. सदस्य हसले, अप्पा हसले, माझ्या दोन शिष्याही तोंडावर पदर घेऊन हसल्या. फक्त अध्यक्षा हसल्या नाहीत. त्यांनी माझं बिल एका हातात आणि पत्रक दुसऱ्या हातात धरलं.

"यांनी बिलात नवा क्लच लिहिला आणि तो नव्हता, अशी तुमची तक्रार आहे. तुम्ही पत्रकात पाच गाड्या लिहिल्यात आणि त्या नव्हत्या. मग तुमच्यात आणि यांच्यात फरक काय?"

याचं उत्तर मी घोळवलं नव्हतं. मी फाइलकडं बघितलं, त्यात नव्हतं. दाभोळे काकांकडं बघितलं, ते छताकडं बघत होते.

"लिहिण्यात फरक नाही, मॅडम," मी म्हणाले. "उंब्रजची शाखा वाचून ज्या बायका आल्या, त्यांना शिकवायला मी रोज पहाटे गाडी घेऊन उंब्रजला जात होते. पाच गाड्यांचं काम एका गाडीनं ओढलंय. तरी कुणी म्हटलं असतं, की तुम्ही फसवलंत, पैसे परत द्या, तर मला द्यावे लागले असते. माझ्याकडं कुणी मागितले नाहीत. मी यांच्याकडं मागितलेत."

अध्यक्षांनी मान खाली घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग गाडीचं पुस्तक आणि शिकणाऱ्यांची वही पुढच्या तारखेला दाखल करायला सांगितली. वहीत सहा वर्षांच्या प्रत्येक ओळीपुढं एकाच गाडीचा नंबर होता. ती वही मी जन्मात कुणाला दाखवणार नव्हते. आता तीच माझा सगळ्यात मोठा पुरावा झाली.

निकाल माझ्या बाजूनं लागला. तक्रारदार ही एकाच गाडीवर, स्वतः राबून उदरनिर्वाह करणारी व्यक्ती असल्यानं ती ग्राहक आहे. जाबदारानं, म्हणजे अप्पांनी, जुने पार्ट नवे म्हणून बसवले, ही सेवेतली त्रुटी आहे. बिलाची पूर्ण रक्कम व्याजासह परत करावी, मानसिक त्रासापोटी आणि तक्रारीच्या खर्चापोटी वेगळी भरपाई द्यावी. दाभोळे काकांनी आदेश मोठ्यानं वाचून दाखवला आणि त्या आनंदात परतताना माझ्या मारुतीला एकदा चौथा गिअर टाकला.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. मथळा होता, 'पाच गाड्यांची मालकीण निघाली एका गाडीची'. क्लचचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता. बसस्टँडजवळच्या स्कूलनं ते कात्रण मोठं करून काचेला लावलं. त्या महिन्यात चौघींनी येणं बंद केलं. नणंद फणफणत घरी आली, "माझी गिरणी कोर्टात कशाला नेलीस?" भाजी घ्यायला गेलं तरी कुणीतरी विचारायचं, "काय मॅडम, आज कुठल्या शाखेतून?"

अप्पांचा चेक मात्र मुदतीच्या आत आला, रजिस्टर पोस्टानं.

खरी गंमत पुढंच होती. केस जिंकलेल्या बाईचं गावात एक वजन तयार झालं होतं. ते वजन असं, की कराडातला एकही मिस्त्री माझ्या गाडीला हात लावेना. मी गाडी घेऊन गेले की कुणाचा कामगार गावाला गेलेला असायचा, कुणाचा जॅक मोडलेला असायचा. सगळे नम्र. "मॅडम, तुमचं काम आम्हाला नाही जमायचं. तुम्ही मोठं गिऱ्हाईक." साधं तेल बदलायला मी साताऱ्याला जात होते. दीड-दोन वर्षं अशी काढली. मग एका सकाळी विद्यानगरच्या रस्त्यावर क्लचची केबल तुटली आणि गाडी जागेवर बसली. तिथून शंभर पावलांवर गॅरेज होतं. अप्पांचं.

मी अर्धा तास गाडीतच बसून राहिले. शेवटी अप्पाच चालत आले.

"ढकलू का?"

दोघांनी मिळून गाडी आत नेली. खुर्ची त्यांनी पुसली नाही. "इथं समोर बसा," म्हणाले. "डोळ्यांदेखत उघडतो. निघेल ते सगळं तुमच्या पुढ्यात ठेवतो. तुमच्या गाडीत आता मी काय खोटं घालणार? सगळ्या तालुक्याचं लक्ष आहे."

केबलबरोबर बेअरिंगही गेलं होतं. त्यांनी नवीन बेअरिंगचं खोकं माझ्या हातानं फोडायला लावलं. त्या दिवशी कामाला दुसरं कुणी नव्हतं. गाडीखाली पाठीवर सरकून ते काम करत होते आणि मला फक्त त्यांचे पाय दिसत होते.

"मॅडम," खालून आवाज आला, "एक विचारू? त्या दिवशी खरं का बोललात? पाच गाड्या आहेत म्हणाला असतात तर केस गेली असती, पण धंदा राहिला असता."

लोक या प्रसंगाबद्दल मला अजून विचारतात आणि मी काहीतरी बरं उत्तर देते. पण गाडीखालच्या माणसाशी बोलताना तोंड दिसत नाही, त्यामुळे खरं बोलणं सोपं जातं.

"धाडस वगैरे काही नव्हतं, अप्पा. छपाईची चूक म्हणून आधीच बोलून बसले होते, प्रेसवाला आला असता तर अब्रू जायचीच होती. मग म्हटलं, निदान केस तरी जिंकावी."

खालून हसण्याचा आवाज आला. मग तो थांबला.

"मी मागं बसलो होतो ना, तेव्हा मला वाटत होतं, आता अध्यक्षाबाई मला पण विचारणार. 'देसावळे, उभे राहा, क्लच नवा का जुना?' तुम्हाला विचारलं तसं, तोंडावर. काय बोललो असतो देव जाणे. पण मला कुणी विचारलंच नाही. माझ्याकडं वकील होता."

मी खुर्ची थोडी पुढं ओढली.

"मग मी विचारते. नवा होता का जुना?"

खालून पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"जुनाच होता, मॅडम," अप्पा म्हणाले आणि काळा झालेला हात गाडीखालून बाहेर आला. "तो चौदा नंबरचा पाना द्या इकडं."

मी पाना शोधून त्यांच्या हातात दिला.